पहिला ३.२७, पाचवा डायरेक्ट

माझा मावसभाऊ यंदा गणपतीला इंदूरला आला तेव्हा मिशिगनहून टॉवेलमध्ये गुंडाळून एक स्लायडर (गिअरला शाफ्टशी जोडणारी सरकती दातेरी कडी) आणि त्याच्या जोडीचा गिअर घेऊन आला. त्याच्याकडे १९६९ ची शेव्हरोले कमॅरो आहे. तिच्यात जनरल मोटर्सच्या मन्सी गावातल्या कारखान्याच्या नावाने ओळखला जाणारा चार गिअरांचा एम-२१ गिअरबॉक्स आणि मागे ४.५६ चा क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या ॲक्सलची गिअरजोडी: चाक एकदा फिरायला तिच्या आधीचा शाफ्ट ४.५६ वेळा फिरतो. आधीच्या मालकाने ती पाव मैलाच्या शर्यतींत पळवली होती आणि गिअरबॉक्स उघडून आपल्याला हवे तसे बदल करून ठेवले होते. आता तिसऱ्यात जोर देऊन पाय उचलला की गिअर सुटतो. ‘ताई, नवीन स्लायडर तिकडे मिळेल, पण ह्याचं नेमकं काय केलंय ते तू बघून सांग,’ तो म्हणाला. शिवाय त्याला जुन्या सामानाच्या बाजारात डग नॅशचा ४+१ हा पाच गिअरांचा गिअरबॉक्स दिसला होता. तो घ्यावा का, हा त्याचा खरा प्रश्न.

पोलोग्राउंडला आमचं गिअर कापायचं लहानसं वर्कशॉप आहे. बाबांच्या काळात अँबेसेडर, जीप आणि टाटाच्या ट्रकांचे गिअर यायचे, आता पीथमपूरच्या कारखान्यांचं जॉबवर्क जास्त असतं. लेथवरचे आमचे जुने मिस्त्री, ज्यांना मी शाळेत असल्यापासून काका म्हणते, त्यांनी स्लायडर हातात घेतला, खिडकीकडे धरला आणि म्हणाले, ‘ये तो बुलेट के गियर जैसा कर दिया।’ अगदी बरोबर ओळखलं त्यांनी. स्लायडरच्या आतल्या दातांपैकी एक सोडून एक दात काढून टाकला होता. गिअरवरच्या पकडीच्या बारीक दातांचंही तेच. पितळी सिंक्रो रिंग तर गायबच होती.

ह्या कामाला अमेरिकेत ‘स्लिक शिफ्ट’ म्हणतात. ते का करावं लागलं हे कळलं की त्या काळातला जवळपास प्रत्येक रेसचा गिअरबॉक्स उलगडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाडी ताशी १५० किलोमीटरने चालली असेल तर ती सेकंदाला जवळपास ४२ मीटर जाते. गिअर बदलायला पाव सेकंद लागला तर तेवढ्यात साडेदहा मीटर, म्हणजे मोटारीच्या दोन लांब्या, इंजिनाच्या जोराशिवाय सरकल्या. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. चार गिअरांच्या गाडीला तेवढ्यात तीन वेळा बदल करावा लागतो. शर्यत बरोबरीची असेल तर निकाल ह्या मधल्या तुकड्यांत लागतो. तेव्हाच्या कारागिरांचं सगळं डोकं ह्या एका गोष्टीवर चाललं: एक गिअर सुटून दुसरा लागेपर्यंतचा वेळ कसा मारायचा.

सिंक्रो हा वेळ वाढवतो. त्याचा तो दोष नाही, त्याचं कामच ते आहे. चालत्या टेंपोत चढणारा माणूस आधी टेंपोच्या वेगाने धावतो आणि मग पाय टाकतो. पितळी रिंग गिअरच्या कोनावर घासून तेच करते. वेग जुळेपर्यंत ती स्लायडरला पुढे जाऊ देत नाही, वेग जुळला की वाट मोकळी. बाजारात भाजी आणायला निघालेल्या गाडीला हे उत्तम. साडेसहा-सात हजार आरपीएमला दांडी ओढणाऱ्याला मात्र ती रिंग म्हणजे अडसर, आणि वर ती जळून गुळगुळीत होते ते वेगळंच. म्हणून रिंग काढायची, दात विरळ करायचे आणि मधल्या रुंद फटींत समोरचा दात वेग जुळला नसतानाही शिरू द्यायचा. बुलेटमध्ये, यामाहात, येझदीत आपण पायाने गिअर टाकतो तेव्हा जो ‘खट्’ होतो तो ह्याच जातीचा. मोटारसायकलींत ही मोठ्या फटींची डॉगची, म्हणजे मोजक्या जाड दातांची, पकड पहिल्यापासून आहे. काकांना ओळखायला क्षण लागला नाही तो त्यामुळेच.

अशा गिअरबॉक्सवर नाव कमावलेला माणूस म्हणजे रॉनी सॉक्स. नॉर्थ कॅरोलायनाचा हा ड्रायव्हर, ‘सॉक्स अँड मार्टिन’च्या लाल-पांढऱ्या-निळ्या प्लिमथ गाड्या चालवायचा आणि लोक त्याला ‘मिस्टर फोर स्पीड’ म्हणत. एनएचआरए ह्या अमेरिकन ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे ह्या पाव मैलाच्या शर्यतींच्या, संघटनेने १९७० मध्ये प्रो स्टॉक वर्ग सुरू केला. त्या सुरुवातीच्या हंगामांत क्रायस्लरचा ए-८३३ हा चार गिअरांचा जड गिअरबॉक्स त्याच्या हाताखाली असे. कारखान्यातून निघालेल्या पेटीवर माणसाच्या हाताची तालीम आणि विरळ केलेले दात, एवढ्यावर तो जिंकत होता. मला ह्या माणसाबद्दल मनापासून आदर आहे, कारण दांडी ओढणं आणि क्लच मारणं हे त्याने कसबाच्या पातळीला नेलं.

दांडीचाही वाटा मोठा. कारखान्याच्या जोडण्या वाकायच्या, रबरी बुश दबायचे, आणि घाईत दुसऱ्याऐवजी चौथा लागायचा. जॉर्ज हर्स्ट ह्यांनी पेनसिल्व्हेनियात बनवायला घेतलेले शिफ्टर त्यामुळे घराघरांत गेले. त्यांच्या ‘कॉम्पिटिशन प्लस’मध्ये दांडीच्या दोन्ही टोकांना अडवणारे बोल्ट असतात. ते नीट लावले की हाताचा सगळा जोर स्लायडरवर न जाता बोल्टवर थांबतो. स्लायडर सरकवणारी चिमट्यासारखी फोर्क वाकते ती बहुतेक वेळा हे बोल्ट न लावल्यामुळे. जुना गिअरबॉक्स घेणाऱ्याने फोर्क आधी बघावी.

मग गिअर सुटत का होता? पकडीचे दात बाजूने सरळ नसतात, मुळाकडे किंचित आत कापलेले असतात. जोर आला की तो उतार दोघांना एकमेकांत ओढून धरतो. विरळ केलेल्या दातांवर प्रत्येक वेळी आघात होतो आणि त्यांच्या कडा गोल होतात. उतार गेला की जोराची दिशा पालटताच स्लायडर मागे सरकतो. आमच्याकडच्या नमुन्यावर कडा इतक्या झिजल्या होत्या की भिंगाशिवाय दिसत होत्या. दात काढण्याचं काम मूळ कारागिराने ग्राइंडरवर हाताने केलेलं होतं आणि सगळ्या फटी सारख्या नव्हत्या, त्यामुळे मोजक्याच दातांनी सगळा मार खाल्ला. आज हे काम वायरकटवर, म्हणजे विजेच्या ठिणगीने कापणाऱ्या तारेवर, केलं तर केस हार्डनिंगला, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थराला, धक्का न लागता प्रत्येक फट सारखी निघेल. पण मावसभावाला मी हे करून दिलं नाही. तो ही गाडी रस्त्यावर चालवतो, मुलांना घेऊन. विरळ दातांत जो मोकळा खेळ असतो तो सिग्नलपाशी, ट्रॅफिकमध्ये, प्रत्येक पाय उचलताना ठणकतो, आणि तो ठणका पुढे क्राउन-पिनियनपर्यंत जातो.

आता आकड्यांकडे येते. इथे मी सगळ्यात जास्त रमते.

एम-२१ चे गिअर असे (आउटपुट शाफ्ट एकदा फिरायला इंजिन किती वेळा फिरतं, तो हा आकडा): २.२०, १.६४, १.२८ आणि चौथा १.००. साडेसहा हजारला पहिल्यातून दुसऱ्यात टाकला तर इंजिन ४,८४५ च्या आसपास उतरतं. पुढच्या दोन्ही बदलांत ५,०७५ च्या जवळ. पायऱ्या जवळजवळ सारख्या, इंजिन कायम जोराच्या पट्ट्यात. ह्याचा भाऊ एम-२०, २.५२, १.८८, १.४६, १.००. तिथे तिसऱ्यातून चौथ्यात जाताना इंजिन ४,४५० पर्यंत पडतं. वेग सर्वांत जास्त, हवेचा विरोध सर्वांत जास्त, आणि नेमकी तिथेच मोठी पायरी. मला एम-२० ची ही बाजू कधीच पटली नाही. रस्त्यावर सुटायला सोपा, एवढंच त्याचं.

एम-२१ सुंदर आहे, पण पहिला गिअर उंच असल्याने उभ्या गाडीला ढकलायला मागे ४.५६ लावावा लागतो. २.२० गुणिले ४.५६ म्हणजे १०.०३. हा गुणाकार सुटताना मिळतो. २६ इंची टायर धरला तर ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ८०५ फेरे घेतं. चौथा डायरेक्ट, मागे ४.५६, म्हणजे इंजिन ३,६७० वर. एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना तासन्‌तास हा आवाज ऐकत बसायचं. मावसभावाच्या बायकोने त्या गाडीतून लांबच्या प्रवासाला यायचं सोडून दिलं आहे, आणि मला तिचं शंभर टक्के पटतं.

डग नॅशने ह्याचं जे उत्तर काढलं ते मला त्या सगळ्या काळातलं सर्वांत शहाणं वाटतं. नॅश स्वतः शर्यतीतला माणूस. १९६६ साली फोर्ड ब्रॉन्कोची ‘ब्रॉन्को बस्टर’ नावाची गाडी घेऊन तो ड्रॅग स्ट्रिपवर उतरला होता. पुढे मिशिगनमध्ये त्याने गिअरबॉक्स बनवायला घेतले. ४+१ मध्ये पाच गिअर असतात, आणि पाचवा ओव्हरड्राइव्ह (इंजिनापेक्षा आउटपुट शाफ्ट जास्त फिरवणारा) नसून डायरेक्ट, १.०० चा. रस्त्यावरच्या बनावटीचे आकडे असे: ३.२७, २.१३, १.५७, १.२३, १.००. मागे ३.०८ लावा. ३.२७ गुणिले ३.०८ म्हणजे १०.०७. सुटताना एम-२१ आणि ४.५६ च्या जोडीइतकाच जोर. आणि ताशी शंभरला इंजिन जेमतेम २,४८० वर.

पायऱ्यांकडेही बघा. साडेसहा हजारहून पहिल्या बदलात इंजिन ४,२३० ला येतं, मग ४,७९०, मग ५,०९०, शेवटी ५,२८५. पायऱ्या वर जाताना आखूड होत जातात. सुरुवातीला टायर घसरतच असतात, तिथे मोठी उडी चालते. शेवटी हवा अडवते तेव्हा इंजिनाला खाली पडूच देत नाही. हे ज्याने मांडलं त्याला नुसतं गणित येत नव्हतं, त्याने गाडी स्वतः चालवलेली होती. डायरेक्ट पाचव्याचा आणखी एक फायदा: सगळ्यात जास्त वापरला जाणारा गिअर कुठल्याच दातांतून जोर नेत नाही, इनपुट आणि आउटपुट शाफ्ट थेट जोडले जातात. उष्णता कमी, आवाज कमी, दातांची झीज नाही.

इथे एक गल्लत नेहमी होते, ती सांगून टाकते. १९८४ ते १९८८ च्या कॉर्व्हेटमध्ये ‘४+३’ म्हणून जो गिअरबॉक्स आला त्यावरही डग नॅशचं नाव आहे, पण ते यंत्र वेगळं. चार गिअरांची पेटी आणि तिच्या मागे बटणावर लागणारा ओव्हरड्राइव्ह, वरच्या तीन गिअरांसाठी. पेट्रोल वाचवायची सोय ती. १९८९ पासून त्याच्या जागी सहा गिअरांचा झेडएफ आला. विकणारा ‘डग नॅश आहे’ एवढंच म्हणाला तर कुठला, हे विचारायलाच हवं. ४+१ पुढे रिचमंड गिअरने चालू ठेवला, त्यामुळे रिचमंडच्या नावाने दिसला तरी दचकू नये.

चारच गिअर इतकी वर्षं का पुरले, असं आमच्याकडे शिकायला येणारी पोरं विचारतात. इंजिनाचा जोर जितका पसरट, तितक्या पायऱ्या कमी लागतात. आपल्या इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांनी १९३५ च्या सुमारास गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतलेली सुपरचार्जरची ड्यूझेनबर्ग एसजे, काळी आणि नारिंगी, तिच्यात तीनच गिअर होते. आठ सिलिंडरांच्या त्या इंजिनाला मधल्या पायऱ्यांची गरज भासत नसे. साठच्या दशकातल्या मोठ्या व्ही-८ चंही तसंच. १९५७ मध्ये कॉर्व्हेटला बोर्ग-वॉर्नरचा टी-१० मिळाला तेव्हा चौथा गिअर हीच मोठी बातमी होती.

आवाजाबद्दल थोडं. मन्सीचा तिसरा भाऊ एम-२२, आकडे एम-२१ चेच, पण गिअरच्या दातांचा तिरकेपणा कमी. तिरक्या दातांमुळे गिअर शाफ्टच्या लांबीच्या दिशेने ढकलला जातो. तिरकेपणा कमी केला की हा रेटा आणि त्यातून येणारी उष्णता कमी होते, दात जास्त जोर सहन करतात. किंमत म्हणून तो गातो. बहुतेक साध्या मोटारींत रिव्हर्स टाकल्यावर जी कूं ऐकू येते तिच्या जवळपास, कारण तिथले दात सरळ असतात. ह्या आवाजावरून एम-२२ ला ‘रॉक क्रशर’ म्हणतात. १९६७ च्या एल-८८ कॉर्व्हेटला हाच लावला जाई. मला तो आवाज आवडतो, लपवावासा वाटत नाही.

ह्या सगळ्या पेट्यांची मर्यादा एकच. लेशाफ्टवरचा, म्हणजे खालच्या समांतर शाफ्टवरचा, गिअर वरच्या गिअरला ढकलतो तेव्हा दोन्ही शाफ्ट एकमेकांपासून दूर जायला बघतात. इंजिन वाढलं की केसिंग फाकतं. म्हणून फोर्डचा टॉपलोडर मजबूत: बाजूला मोठं भोक न ठेवता झाकण वर दिलेलं, ओतीव लोखंडाची पेटी चारही बाजूंनी बंद. पण प्रो स्टॉकची इंजिनं त्याच्याही पुढे गेली, आणि तिथे लेनको आला.

लिओनार्ड ॲबट ह्यांनी कॅलिफोर्नियात बनवलेला लेनको बघितला की मन प्रसन्न होतं. त्यात लेशाफ्टच नाही. एकामागे एक ग्रहगिअरांचे डबे लावलेले, प्रत्येक डब्याला स्वतःची दांडी. दांडी ओढली की तो डबा आतल्या आत बांधला जातो आणि एकास एक फिरतो. चार गिअरांसाठी तीन डबे, तीन दांड्या, एकापाठोपाठ एक ओढायच्या. जोर मधल्या गिअरभोवतीच्या ग्रहांमध्ये वाटला जातो, त्यामुळे पेटीला फाकवणारा रेटाच उरत नाही. क्लच फक्त सुटताना, पुढे पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचाही नाही. पुढे दांड्यांऐवजी बटण आणि दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड आला. मागे जायला मात्र वेगळा रिव्हर्सर जोडावा लागतो. सत्तरच्या दशकात प्रो स्टॉकमध्ये लेनको शिरला आणि सॉक्ससारख्यांच्या हाताची किंमत त्या वर्गात ओसरली. मला ह्याची हळहळ वाटते, पण यंत्र म्हणून लेनकोच सरस, हे मान्यच करायला हवं.

बी अँड एम ह्या कंपनीने आणखी एक वाट काढली होती, क्लचफ्लाइट: ऑटोमॅटिक पेटी ठेवायची, तेलातून जोर पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर काढून तिथे क्लच बसवायचा. कल्पना छान, पण माझा जीव तिच्यात रमत नाही.

आणि आता एक गंभीर गोष्ट, जी मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक तरुणाला सांगते. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स ह्यांच्या ड्रॅगस्टरचा दोन गिअरांचा गिअरबॉक्स सुटण्याच्या क्षणी फुटला. त्या जातीच्या गाडीत ड्रायव्हर इंजिनाच्या मागे, पेटीला पाय टेकून बसायचा. उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. रुग्णालयातून बाहेर आल्यावर त्यांनी इंजिन ड्रायव्हरच्या मागे नेणारी गाडी बांधली, १९७१ मध्ये ती जिंकायला लागली आणि हळूहळू सगळ्या ड्रॅगस्टरांची रचना पालटली. तेव्हा क्लच आणि फ्लायव्हीलभोवती जाड पोलादाचं आवरण, ज्याला स्कॅटरशील्ड म्हणतात, ते नसलेल्या गाडीला मोठं इंजिन लावून इथल्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर रात्री पळवणाऱ्यांचं काम मी घेत नाही. कुणी कितीही ओळखीचा असो.

मावसभावाला मी ४+१ घ्यायला सांगितलं. सिंक्रोसकट, काही न कापता. पैसे देण्याआधी त्याने काय बघावं, तेही लिहून दिलं. झाकण काढून पकडीच्या दातांच्या कडा बोटाने तपासायच्या, टोकं धारदार हवीत. इनपुट शाफ्ट हाताने पुढे-मागे हलवून खेळ बघायचा आणि स्प्लाईनवर (शाफ्टवरच्या उभ्या खाचांवर) झिजून पायरी पडली आहे का ते बघायचं. तळाच्या तेलात पितळी चकचकाट असेल तर रिंगा गेल्या, आणि पोलादाचे तुकडे असतील तर सौदा सोडायचा. क्राउन-पिनियन ४.५६ वरून ३.०८ वर नेताना त्याच्या गाडीत डिफरन्शियलचा कॅरिअरही (क्राउन गिअर ज्यावर बसतो ते घर) बदलावा लागेल, तो खर्च आधीच धरायचा. प्रॉपेलर शाफ्टची लांबी आणि मागचा क्रॉसमेंबर (पेटीला आधार देणारी आडवी पट्टी) पेटी जागेवर बसवून मोजल्याशिवाय कापायचा नाही. आणि तेल ‘जीएल-४’ चंच भरायचं, कारण ‘जीएल-५’ मधलं गंधकाचं मिश्रण पितळी रिंगांना खातं. त्याच्या गॅरेजच्या फळीवर जीएल-५ चे दोन डबे मी व्हिडिओ कॉलवर पाहिले आहेत, ते त्याने डिफरन्शियलसाठी ठेवावेत.